स्थलांतरविषयक गुन्हे आणि मानवी हक्क
वैध पारपत्र वा व्हिसा नसताना देशात प्रवेश करणे, मुदत संपल्यावरही राहणे इत्यादी कृत्यांना स्थलांतरविषयक गुन्हे म्हणतात. भारतात १ सप्टेंबर २०२५ पासून त्यांना १९४६च्या कायद्याऐवजी आप्रवासन आणि परकीय नागरिक अधिनियम, २०२५ लागू आहे. आपण परकीय नाही, हे सिद्ध करण्याचा भार दोन्ही कायद्यांनी संबंधित व्यक्तीवरच टाकला आहे. मात्र जुन्या कायद्याखालील आसाममधील एका प्रकरणात, आधी संशयाला ठोस आधार दाखवणे शासनावर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०२४ रोजी दिला. संविधानाच्या अनुच्छेद २१ने दिलेले जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण केवळ नागरिकांपुरते नाही. रायगड जिल्ह्यातील कर्जत किंवा खालापूर येथे अटक झालेल्या संशयितालाही अनुच्छेद २२नुसार अटकेची कारणे समजण्याचा, वकिलाचा सल्ला घेण्याचा आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर केले जाण्याचा हक्क आहे.