१८९८ चा एक विस्मृत प्रयोग आणि विहिरीतले नायट्रेट

१/
सन १८९८. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे भरलेल्या विज्ञानसभेत सर विल्यम क्रुक्स यांनी इशारा दिला : गव्हाच्या शेतीला लागणारे नत्र चिलीतील सोऱ्याच्या साठ्यांतून येते आणि ते साठे संपणारे आहेत.

२/
त्याच वर्षी जर्मनीत कार्ल्सरूह येथे फ्रिट्झ हाबर हे तरुण रसायनज्ञ नायट्रोबेंझीनवर विजेचे प्रयोग करीत होते. ऋणाग्राचे विभव काटेकोर राखले, तर क्षपण पायरीपायरीने होते व हव्या त्या पायरीवर थांबवता येते, हे त्यांनी दाखवले.

३/
१९०९ मध्ये याच हाबर यांनी हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया घडवला. कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांनी १९१३ मध्ये ओप्पाऊचा कारखाना सुरू झाला. क्रुक्स यांची चिंता मिटली. खत मुबलक झाले.

४/
परंतु पिकांनी न घेतलेल्या नत्राचे जमिनीत नायट्रेट होते आणि ते पाण्याबरोबर पाझरते. १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवाचे डॉक्टर हंटर कॉम्ली यांनी नोंदवले की, विहिरीच्या पाण्यातून दूध पाजलेली तान्ही बाळे निळी पडत आहेत. तेथे दोष मुख्यतः गोठ्यांलगतच्या, नीट न बांधलेल्या विहिरींचा होता. पण नायट्रेट रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावते, हे त्यातून जगाला कळले.

५/
आज भारतात पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते.

६/
सांडपाण्यातील नायट्रेट सहसा जिवाणूंकरवी काढतात. मात्र अतिखारट वा विषारी सांडपाण्यात जिवाणू तग धरत नाहीत. तेथे वीज कामी येते. ऋणाग्रावर नायट्रेटचे नायट्राइट होते. पुढे पाच इलेक्ट्रॉनांवर थांबले तर निरुपद्रवी नायट्रोजन वायू, आठ घेतले तर अमोनिया. कोणती वाट धरली जाईल, हे मुख्यतः ऋणाग्राचा धातू व विभव ठरवतात.

७/
१९९० च्या दशकात अमेरिकेतील सवाना रिव्हर येथे अणुकचऱ्यातील नायट्रेटसाठी ही पद्धत अभ्यासली गेली. विजेचा खर्च हा तिचा मोठा अडसर. म्हणूनच काही संशोधक अमोनियापाशीच थांबून, वाया गेलेले नत्र पुन्हा खत म्हणून मिळवू पाहतात.

८/
हाबर यांचे नाव अमोनियासाठी सर्वतोमुखी आहे. त्या अमोनियाने मागे ठेवलेले नायट्रेट आवरताना मात्र त्यांच्याच १८९८ च्या प्रयोगातील तत्त्व हाती धरावे लागते.