शिष्यवृत्ती आणि तिची वाट दाखविणारे

शिष्यवृत्ती म्हटले की, आपल्या डोळ्यांपुढे प्रथम रक्कम येते. परंतु तिचा इतिहास पाहू जाता असे आढळते की, द्रव्याच्या आधी कोणी तरी जाणता मनुष्य विद्यार्थ्याच्या पाठीशी उभा राहिलेला असतो.

या बाबतीत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे नाव आपण सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. मुंबईच्या चर्नी रोड बागेत नित्य अभ्यास करणारा एक मुलगा या शिक्षकाच्या दृष्टीस पडला. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना, तेव्हा गुरुजींनीच त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत नेले. दरमहा २५ रुपयांचे विद्यावेतन मिळाले आणि १९१२ साली भीमराव बी. ए. झाले. १९१३ साली महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता देऊन अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविले. द्रव्य महाराजांचे होते. वाट गुरुजींनी दाखविली. विशेष हे की, गुरुजींनी मुलाची जात पाहिली नाही.

१८९२ साली जमशेटजी टाटा यांनी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला. त्यांनी ती मदत कर्जरूपाने दिली. घेणाऱ्याने पुढे फेडावी, म्हणजे त्याच्या मागून येणाराही शिकेल, हा त्यातील हेतू होय.

आता आपल्या गावाकडे वळू. १८६७ साली विरारहून मुंबईस लोकल गाडी सुरू झाली, तरी वसईत अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय निघावयास १९७१ साल उजाडावे लागले. प्रस्तुत लेखक शालान्त परीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हा महाविद्यालय जवळ होते, गुणही बरे होते. परंतु शिष्यवृत्तीची वार्ता भुईगावच्या आमच्या वाडीत पोहोचली, तेव्हा अर्जाची मुदत टळून गेली होती. केळीच्या उत्पन्नात फी बसेना. अध्यापनाची पदविका घेऊन मी शाळेत रुजू झालो. नोकरीत समाधान लाभले. पण ती टळलेली तारीख आजही आठवते.

आज परिस्थिती पालटली आहे. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील त्याच मर्यादेतील मुलींना, केंद्रीभूत प्रवेशाने मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क शासन पूर्ण माफ करते. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावे लागतात. तथापि उत्पन्नाचा दाखला नाही, बँकेचे खाते आधारशी जोडलेले नाही, एवढ्याशा कारणावरून हुशार मुलांचे अर्ज अडून राहतात.

म्हणून समाजबांधवांस नम्र सूचना अशी : दहावी-बारावीचे निकाल लागताच संघाने गावात एक दिवस केवळ दाखले तपासण्यास व अर्ज भरून देण्यास बसावे. शेजारच्या समाजाचे मूल आले, तर त्यालाही परत पाठवू नये. ज्यांनी शिष्यवृत्तीवर शिक्षण घेतले, त्यांनी दरवर्षी निदान एका विद्यार्थ्याचा अर्ज शेवटास न्यावा. ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

त्या दिवशी चष्मा व लेखणी घेऊन मी सकाळपासून हजर राहीन.