मॉरिशस : गिरमिट्यांच्या आधीची माणसे

मॉरिशसचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर उसाचे मळे येतात आणि त्यांत राबलेला गिरमिट्या येतो. ते स्वाभाविकच आहे. मुंबई बंदरातून कोकणातली आणि घाटावरली कितीतरी माणसे तिकडे गेली, त्यांचे वंशज आजही तेथे गणपती बसवतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. हे ऐकून आपला ऊर भरून येतो. पण आपला माणूस ज्या खोपटात उतरला त्यात त्याच्या आधी कोण राहत होते, हा प्रश्न सहसा आपण विचारीत नाही. मळ्यावरच्या त्या वस्तीला फ्रेंच मालक ‘काळ्यांचा तळ’ म्हणत. आज त्या काळ्यांविषयी बोलायचे आहे.

बेट मूळचे निर्जन. डच लोकांनी १६३८ मध्ये तेथे वसाहत केली, जावा बेटातून ऊस आणला आणि मादागास्करमधून गुलाम. कंटाळून १७१० मध्ये ते निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट ताब्यात घेतले, १७२१ पासून वस्ती केली, आणि मग गुलामांचा ओघ सुरू झाला. मादागास्कर आणि मोझांबिक हे त्याचे दोन मोठे झरे. काही पश्चिम आफ्रिकेतून आले आणि काही, श्रोतेहो, हिंदुस्थानातूनही आले. पाँडिचेरीहून आणि बंगालमधून विकत नेलेली माणसे त्या बेटावर गिरमिटाच्या शंभर वर्षे आधी राबत होती. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले तेव्हा दर पाच माणसांत सुमारे चार गुलाम होते.

या माणसांसाठी १७२३ चा फ्रेंच कायदा होता. त्यात गुलाम म्हणजे जंगम मालमत्ता. महिनाभर पळून राहिला तर कान कापायचे आणि खांद्यावर लिलीच्या फुलाचा डाग द्यायचा, दुसऱ्यांदा पळाला तर गुडघ्यामागची शीर तोडायची, तिसऱ्यांदा देहान्त. बेर्नार्दँ द सँ-पिएर हा फ्रेंच लेखक १७६८ मध्ये बेटावर आला. त्याने १७७३ च्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे की पहाटे चाबकाचे तीन फटकारे ऐकू आले की कामाची वेळ झाली असे समजायचे. खायला भरडलेला मका पाण्यात शिजवून, नाहीतर कसाव्याची भाकरी. याच लेखकाने गुलामांचे एक वाद्यही पाहिले. धनुष्याला भोपळा जोडलेला, आणि त्यातून निघणारा मऊ नाद. चाबकाच्या वर्णनाशेजारी त्याने त्या नादाची नोंद केली, याबद्दल इतिहासाच्या अभ्यासकाने त्याचे उपकार मानले पाहिजेत.

कारण खरा प्रश्न येथेच आहे. गलबताच्या पोटात साखळदंडाने बांधलेला माणूस बरोबर काय आणू शकतो? गाठोडे नाही, देव नाही, नातलग बहुधा नाहीत. शेजारी बांधलेल्याची बोलीही त्याला कळत नाही. एक मादागास्करचा, दुसरा मोझांबिकच्या आतल्या मुलखातला. मळ्यावर आल्यावर त्याला नवे नाव मिळते आणि पाद्री बाप्तिस्मा देतो. अशा माणसाजवळ उरते ते कानात आणि अंगात असलेलेच: ताल, गोष्ट, बोलण्याची ढब.

ताल उरला तो ‘सेगा’ या नाचगाण्यात. रवान नावाचे मोठे पसरट वाद्य, लाकडी कड्यावर बकऱ्याचे कातडे ताणलेले. वाजवण्यापूर्वी ते विस्तवावर शेकतात. आपल्याकडे हलगी शेकणारा वादक पाहिला असेल त्याला हे समजावून सांगायला नको. जोडीला मारवान: उसाच्या तुऱ्याच्या काड्यांची चपटी पेटी, आत बिया, हलवली की खुळखुळते. ज्या उसाने पाठ मोडली त्याच्याच काड्यांचे वाद्य! नाचणाऱ्यांची पावले जमिनीवरून फारशी उचलली जात नाहीत. गाण्यांत दुःखही आहे आणि मालकाची टवाळीही. चर्चने आणि प्रतिष्ठितांनी सेगाला अश्लील ठरवले. पुढे पर्यटकांच्या हॉटेलांतून त्याला रंगीत झगे घालून उभे केले गेले, ही विटंबना पहिलीहून कमी होती असे मला वाटत नाही. २०१४ मध्ये युनेस्कोने त्याची मानवजातीचा वारसा म्हणून नोंद केली.

गोष्टींत ससा आला. पूर्व आफ्रिकेच्या कथांतला तो धूर्त, दुबळा ससा मॉरिशसमध्ये राजाला आणि बलवान प्राण्यांना फसवू लागला. शार्ल बेसाक या विद्वानाने १८८८ मध्ये या कथा आणि कोडी छापली. कोडे घालणारा म्हणतो ‘सिरांदान’, ऐकणारे म्हणतात ‘सांपेक’, आणि खेळ सुरू होतो. उभे पाणी कोणते? ऊस. टांगलेले पाणी कोणते? नारळ.

आणि भाषा. शब्द बहुतेक मालकाचे, फ्रेंच. पण त्यांचे फ्रेंच रूप ठेवले नाही. ‘मो मांझे’ म्हणजे मी खातो, ‘मो ती मांझे’ म्हणजे मी खाल्ले, ‘मो पे मांझे’ म्हणजे खात आहे. फ्रेंच क्रियापदांचा सारा डोलारा पाडून मधे एक छोटा शब्द बसवला की काळ तयार. मालक तिला मोडकी भाषा म्हणाले. वास्तविक, एकमेकांची बोली न कळणाऱ्या माणसांनी एकमेकांशी बोलता यावे म्हणून घडवलेली ती पुरी भाषा आहे. तिला क्रिओल म्हणतात.

काही जण पळाले. नैर्ऋत्येच्या टोकाला समुद्रात घुसलेला ल मोर्न नावाचा कडा आहे, तो पळालेल्यांचा आसरा. मुक्तीची बातमी सांगायला शिपाई आले, ते धरायलाच आले असे समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी दंतकथा आहे. कागदोपत्री तिला आधार नाही. पण ज्या समाजाला सरकारी माणूस वर येताना दिसला की मरणच दिसत असे, त्याने अशी कथा जपावी यात नवल नाही.

मुक्ती आली १ फेब्रुवारी १८३५ रोजी, सुमारे सहासष्ट हजारांना. तीही अर्धीच, कारण ‘उमेदवारी’च्या नावाखाली १८३९ पर्यंत त्यांना त्याच मालकांकडे राबावे लागले. ब्रिटिश सरकारने भरपाई दिली, एकवीस लाख पौंडांहून अधिक, मालकांना. गुलामांना एक छदामही नाही. पुरते सुटल्यावर त्यांतल्या बहुतेकांनी मळ्याकडे पाठ फिरवली, कोणी मासेमारी धरली, कोणी सुतारकी. साखरेचा भाव मात्र चढता होता. १८३४ च्या २ नोव्हेंबरलाच ‘ॲटलास’ जहाजातून छत्तीस हिंदी मजूर उतरले होते. १९२० पर्यंत साडेचार लाखांवर आले. रिकाम्या झालेल्या काळ्यांच्या तळात दिवे पुन्हा लागले.

तेथे आपला माणूस मराठीत भजन म्हणत राहिला, हे खरे. पण शेजारच्या तमिळ किंवा भोजपुरी माणसाशी तो बोलला कशात? क्रिओलमध्ये. हळूहळू ती त्याच्या घरात आली. २०११ च्या शिरगणतीत दहांतील आठांहून अधिक मॉरिशसवासीयांनी घरची भाषा म्हणून तिचेच नाव सांगितले आणि २०१२ पासून ती प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय झाली. आरती मराठीत म्हणणारे मूल खेळताना, भांडताना बोलते ती मोझांबिकच्या आणि मादागास्करच्या गुलामांनी घडवलेली भाषा. वर्षातून दोनदा, १ फेब्रुवारीला गुलामांच्या आणि २ नोव्हेंबरला गिरमिट्यांच्या नावाने, देशाला सुट्टी असते. पहिली माणसे ल मोर्नच्या पायथ्याशी जमतात, दुसरी पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर. भाषणे दोन्हीकडे होतात, आणि सभा उठल्यावर घरी जाताना दोन्हीकडचे लोक क्रिओलमध्येच बोलतात.