शाहनाम्याचे एक सुटे पान

रुस्तुम-सोहराबाची कथा आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून सुपरिचित आहे. ती ज्या महाकाव्यातली, तो शाहनामा फिर्दौसीने इ. स. १०१० मध्ये पूर्ण केला. त्याच्या एका प्राचीन हस्तलिखितातील केवळ एका पानाविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

हे पान सध्या वॉशिंग्टन येथील फ्रीअर संग्रहालयात आहे. त्यावर सिकंदराच्या शवपेटीभोवतीच्या शोकाचे चित्र आहे. मध्यभागी पेटी, कोपऱ्यांस मोठाले दीपस्तंभ, केस मोकळे सोडून आक्रोश करणाऱ्या स्त्रिया, आणि पेटीवर अंग टाकून दिलेली सिकंदराची माता. पुढील रांगेतील मंडळी पाठमोरी आहेत. त्यामुळे पाहणाराही नकळत त्यांच्यामागे जाऊन उभा राहतो.

हे काढविले कोणी? इराणवर राज्य करणाऱ्या मोंगल ईलखानांच्या दरबाराने, बहुधा तब्रीझ नगरीत, १३३० नंतरच्या दशकात. ज्या हुलागूने १२५८ साली बगदाद लुटून खलिफाचा वध केला, त्याचेच हे वंशज. त्यांनी जित लोकांचा धर्म स्वीकारला आणि त्यांच्या पुरातन राजांची गाथा स्वतःचे भूषण म्हणून लिहवून घेतली. १३३५ साली ईलखान अबू सईद पुत्रावाचून वारला आणि राज्याची शकले झाली. त्या सुमारास जग जिंकणाऱ्याची ही शवपेटी रंगविणाऱ्यांस व पाहणाऱ्यांस ती परकी खासच वाटली नसेल.

राज्य गेले, पण ग्रंथ सुमारे पावणेसहाशे वर्षे टिकला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो पॅरिसमधील दमोत नामक व्यापाऱ्याच्या हाती आला. अखंड ग्रंथास मनाजोगे गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्याने पाने सुटी करून विकली. ज्या पानाच्या दोन्ही अंगांस चित्रे होती, ते सोलून एकाची दोन करविली आणि भलत्याच मजकुराचे कागद त्यांस डकविले. मूळची दोनशेच्या आसपास चित्रे असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आज साठाहून कमीच ज्ञात आहेत, तीही देशोदेशी विखुरलेली.

मोंगल म्हटले की आपणांस जाळपोळ आठवते. परंतु हा ग्रंथ सिद्ध झाला तो त्यांच्या आश्रयाने, आणि मोडला तो कलेची पारख असलेल्या माणसाने. चौकटीतील असे एखादे पान पाहताना त्याच्या सौंदर्याचे कौतुक अवश्य करावे. पण त्याच्या मागचे व पुढचे पान कोठे गेले, हेही विचारावे.