रबर, ऊन आणि टायर

कच्चे रबर उन्हात मऊ पडते आणि थंडीत तडकते. या दोषापायी १८३० च्या दशकात अमेरिकेतला रबराचा नवाकोरा धंदा बसला. मॅसॅच्युसेट्समधल्या रॉक्सबरीच्या कारखान्यातले बूट उन्हाळा लागताच चिकट होत, घाण मारत. परत आलेला माल पुरून टाकावा लागला. रबरावर प्रयोग करणाऱ्या चार्ल्स गुडइयरने सरकारला पुरवण्यासाठी केलेल्या टपालाच्या थैल्याही उष्म्याने बिघडल्या. १८३९ मध्ये गंधक मिसळलेले रबर त्याच्या हातून तापलेल्या शेगडीला लागले. ते वितळले नाही, कातड्यासारखे करपले, आणि करपलेल्या भागाच्या कडेला एक लवचीक, न चिकटणारी किनार उरली. त्या किनारीत भविष्यातला प्रत्येक टायर होता. गंधक रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधून टाकते, म्हणून उष्णतेने त्या सुटून घसरत नाहीत. १८४४ मध्ये गुडइयरला पेटंट मिळाले, तरी १८६० मध्ये तो कर्जातच वारला.

१८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि १८९५ च्या पॅरिस–बोर्दो शर्यतीत मिशलँ बंधूंनी तसा टायर मोटारीला लावला. आता उन्हापेक्षा टायरच्या पोटातली उष्णता जाचू लागली. फिरताना टायरचा रस्त्याला टेकलेला भाग दबतो आणि वर येताना पुन्हा फुगतो. दबताना खर्ची पडलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. काही भाग उष्णता होऊन रबरात मुरतो. रबर उष्णतेचे मंदवाहक, त्यामुळे ती लवकर बाहेर पडत नाही. जुन्या टायरांत आडव्याउभ्या विणीचे सुती कापड असे. त्याचे धागे एकमेकांवर घासून आणखी तापत आणि तुटत. आडवे धागे काढून टाकलेला कॉर्ड टायर, पुढे रेयॉन आणि नायलॉन, आणि १९४६ मध्ये मिशलँने पेटंट घेतलेला रेडियल टायर या सुधारणांमागे उष्णतेशी चाललेला झगडा मोठा होता.

हवा कमी असली की बाजूच्या भिंती जास्त वाकतात आणि टायर जास्त तापतो. याची भयंकर किंमत अमेरिकेने मोजली. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोन या टायर कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यातले बरेचसे फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांचे होते. वेगात असताना टायरचा वरचा थर सुटून येई आणि गाडी उलटे. मृतांचा आकडा दोनशेच्या वर गेला. अपघातांचा जोर टेक्सस, फ्लोरिडा, ॲरिझोना यांसारख्या उष्ण राज्यांत होता, म्हणून टायर बदलण्याचे काम तिथूनच सुरू झाले. फोर्डने या गाडीसाठी २६ पीएसआय दाबाची हवा सांगितली होती. टायर कंपनीने नंतर ३० चा आग्रह धरला. दोष बनावटीचा की कमी हवेचा, यावर दोन्ही कंपन्या भांडल्या, पण तापलेला रस्ता, लादलेले ओझे आणि कमी हवा एकत्र आली की दुबळा टायर आधी जातो, एवढे त्या वादातून स्पष्ट झाले. त्याच वर्षीच्या कायद्यातून हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाली. सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या मोटारीत ती आली.

महाराष्ट्रात मात्र उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवावी, हा समज आजही पक्का आहे. तापमान १० अंशांनी वाढले की दाब साधारण २ पीएसआयने चढतो, हे खरे. पण कंपनीने सांगितलेला दाब गार टायरचा असतो आणि ही वाढ त्यात गृहीत धरलेली असते. तापलेल्या टायरातून हवा सोडणे म्हणजे त्याला आणखी तापवणे. उष्णतेचा हा प्रश्न राज्यातल्या समृद्धी महामार्गावरही दिसला. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा, विदर्भातले ४५ अंशांपर्यंतचे ऊन आणि तासन् तास न थांबता धावणे, यात झिजलेले टायर फुटू लागले. २०२३ मध्ये परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासून गुळगुळीत टायरांच्या गाड्या माघारी पाठवायला सुरुवात केली.