रविवार कोणी मिळवला आणि बारा तास कोण परत आणतंय?



गेल्या दिवाळीत आमच्या अभ्यासवर्गाला तीन पोरं आली होती. एक मिरजेचा, दोघं तासगाव भागातले. तिघंही पुण्याकडच्या औद्योगिक पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंची जुळणी करणाऱ्या एका कारखान्यात कामाला. आयटीआय झालेली पोरं. गळ्यात अडकवायच्या ओळखपत्रावर ठेकेदाराचं नाव, हुद्दा 'ट्रेनी'. दोन वर्षं झाली तरी ट्रेनीच. पगाराची पावती मोबाईलवर येते, त्यात जादा तासांचा रकाना आहे आणि तो रिकामा आहे. आम्ही विचारलं, "जादा तास करता की नाही?" म्हणाली, "दादा, बारा तासांची पाळीच आहे, त्यात जादा काय?"

त्या दिवशी वर्गाचा विषय 'बाबासाहेब आणि पाण्याचं नियोजन' होता. तो बाजूला ठेवून आम्ही पोरांशी गिरणी कामगारांच्या इतिहासावर बोलत बसलो. हा लेख त्या बोलण्यातून निघालाय.

आज मोबाईल कंपन्यांच्या कारखान्यांबद्दल जगभर चर्चा चालते. ज्यांच्या नावाने फोन विकला जातो त्या अमेरिकन कंपन्या स्वतः फोन बनवत नाहीत. फॉक्सकॉनसारख्या तैवानी कंपन्या चीन, व्हिएतनाम आणि आता भारतातल्या कारखान्यांत त्यांची जुळणी करून देतात. २०१० साली चीनमधल्या शेनझेन इथल्या फॉक्सकॉनच्या कारखान्यांत एकामागून एक तरुण कामगारांनी इमारतींवरून उड्या मारून जीव दिला, तेव्हा कंपनीने इमारतींभोवती जाळ्या बांधल्या. मग युरोप-अमेरिकेतल्या सुशिक्षितांना प्रश्न पडला, परदेशातल्या कामगाराच्या हालांवर बनलेली वस्तू आपण वापरावी का? प्रश्न योग्यच आहे. पण तो तिकडून विचारलेला आहे. तिकडे ज्याला 'परदेश' म्हणतात तो परदेश म्हणजे आपण आहोत. आणि असं 'परदेश' असणं आपल्याला नवीन नाही.

दीडशे वर्षांपूर्वी लँकेशायरच्या लोकांना मुंबईच्या गिरणी कामगारांची अशीच काळजी वाटू लागली होती. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढच्या वीस वर्षांत गिरण्या वाढल्या, त्यांचं सूत बाजारात मँचेस्टरच्या मालाशी टक्कर देऊ लागलं, आणि तिकडच्या मालकांना अचानक दिसलं की मुंबईत सात-आठ वर्षांची पोरं दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत राबतात, कामाच्या तासांना कायदा नाही, आठवड्याची सुट्टी नाही. दिसलं ते खरंच होतं. पण याच लँकेशायरने कितीतरी वर्षं अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर आपल्या गिरण्या चालवल्या होत्या. तेव्हा त्यांना एवढा पाझर फुटल्याचं दिसत नाही. (महात्मा फुल्यांनी मात्र १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. कामगाराकडे कुठून बघायचं, याची दिशा तिथेच दिसते.)

लँकेशायरचा दबाव आणि काही प्रामाणिक सुधारकांचे प्रयत्न, दोन्ही मिळून १८८१ चा पहिला कारखाना कायदा झाला. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्या माणसांसाठी काही नाही.

आता इथल्या राष्ट्रवादी मंडळींनी काय केलं? त्यांनी कायद्याला विरोध केला. 'केसरी' आणि 'मराठा' मालकांच्या बाजूने उभे राहिले. हा कायदा म्हणजे हिंदुस्थानचा नवा उद्योग मारायचा विलायती डाव आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य नव्हतं असं आम्ही म्हणणार नाही, विलायती स्वार्थ होताच. पण गिरणीत राबणारी पोरं कोणाची होती? रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतून पोट भरायला गेलेल्या कुळवाड्यांची आणि महारांची. देशाच्या उद्योगासाठी त्याग करायला सांगणाऱ्यांची पोरं त्या गिरणीत नव्हती.

या दोघांच्या मध्ये एक तिसरा माणूस उभा राहिला, नारायण मेघाजी लोखंडे. सत्यशोधक, फुल्यांचे सहकारी, स्वतः गिरणीत नोकरी केलेले, १८८० पासून 'दीनबंधू'चे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या साध्या होत्या. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. काम करताना अपघात झाला तर बरा होईपर्यंत पगार आणि कायमचा अधू झाला तर पोटाची सोय. लोखंड्यांनी लँकेशायरच्या दयेची वाट पाहिली नाही आणि देशाभिमानाच्या नावाखाली मालकाची पाठराखणही केली नाही. एप्रिल १८९० मध्ये त्यांनी महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा भरवली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली.

ही तारीख आपल्या किती पोरांना माहीत आहे? रविवार इंग्रजांनी दिला, असंच सगळे समजतात.

हे सगळं सातारा-सांगलीच्या माणसाला परकं वाटू नये. आजचा सांगली जिल्हा तेव्हा अस्तित्वात नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच होते, १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणजे जुन्या कागदांत 'सातारा' लिहिलेला गिरणी कामगार आपल्याच गावचा पणजोबा असू शकतो. याच मुलखातलं वाटेगाव सोडून अण्णाभाऊ साठे लहानपणी चालत मुंबईला गेले आणि गिरणीत राबले. आणि याच साताऱ्यात बाबासाहेबांचं बालपण गेलं. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून खटाव तालुक्यात गोरेगावला सरकारने तलाव खोदायला घेतला होता, तिथे रामजीबाबा खजिनदार होते. बापाला भेटायला निघालेल्या त्या पोरांना मसूर स्टेशनवर काय सोसावं लागलं, ते आपल्याला पाठ आहे. पण ते ज्या ठिकाणी निघाले होते ते दुष्काळी मजुरांचं काम होतं, हे आपण सांगायचं विसरतो.

बाबासाहेब कामगार प्रश्नात उतरले तेव्हा त्यांनी लोखंड्यांच्या पुढचा प्रश्न विचारला. गिरणीत सगळ्यात जास्त पगार विणकामाच्या खात्यात, म्हणजे साचे खात्यात. तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसरा तोंडाला लावणार, मग अस्पृश्याच्या थुंकीने विटाळ होणार! म्हणून आपल्या माणसांनी सूतकताईच्या खात्यात कमी पगारावर राबायचं. असा कोणताही लेखी नियम नव्हता. मालकानेही तो केलेला नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या सवर्ण कामगाराने तो पाळून घेतला होता.

१९२८ चा मोठा संप आठवा. दीड लाख कामगार सहा महिने बाहेर होते. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं, गिरणीच्या सगळ्या खात्यांत काम करायचा अस्पृश्यांचा हक्क तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमची माणसं संपातून बाजूला होतील. पुढाऱ्यांनी नाइलाजाने मागणी घातली. मालकांपुढे ती गेली तेव्हा मालकांनी त्यांनाच सुनावलं की हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. शोषण करणारा मालक कामगार पुढाऱ्यांना जात शिकवतो, आणि कामगार पुढाऱ्यांकडे उत्तर नसतं! दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असं सांगितलं, त्यामागे साचे खात्याचा हा अनुभव होता. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती कामगारांतही आहे, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केलं. डाव्या मित्रांना हे वाक्य अजून टोचतं.

याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला. विधेयक संपावर बंधनं घालणारं होतं, आणते काँग्रेस सरकार होतं. संप करणं हा गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला गुलाम करणं, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. म्हणजे बाबासाहेबांना जातीसाठी कामगारांत फूट पाडणारे म्हणणाऱ्यांनी १९३८ वाचावं, आणि जातीचं बोलू नका म्हणणाऱ्यांनी १९२८ वाचावं.

आता तासांचा हिशोब बघा. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांना पहिल्यांदा मर्यादा मिळाली, दिवसाला १२ तास. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास. १९३४ मध्ये ५४. आणि १९४६ मध्ये ४८. हा शेवटचा बदल बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असतानाच्या कारकिर्दीतला. १२ वरून इथपर्यंत यायला पस्तीस वर्षं लागली.

फेब्रुवारी २०२३ मध्ये कर्नाटकाने कायदा बदलून बारा तासांच्या पाळीला वाट करून दिली. मोबाईल कंपन्यांनी त्यासाठी पाठपुरावा केल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. एप्रिलमध्ये तमिळनाडूने तसंच विधेयक मंजूर केलं, पण कामगार संघटना आणि मित्रपक्ष उठले म्हणून मागे घेतलं. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, जादा कामाला दुप्पट मोबदला आहे, असं सांगतात. कागदावर आहे. आमच्या पोरांच्या पावतीवरचा तो रकाना मात्र आम्ही डोळ्यांनी बघितलाय.

आपल्या महाराष्ट्राचं तर वेगळंच. २०१५ मध्ये फॉक्सकॉनशी पाच अब्ज डॉलरचा करार झाल्याचा गाजावाजा झाला, कारखाना आला नाही. २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला, तेव्हा महिनाभर रान उठलं. पुढच्या वर्षी फॉक्सकॉन त्यातून बाहेरही पडली. त्या महिनाभरात एकाही पक्षाने विचारलं नाही की कामगार कायम असणार की ठेक्यावर, पाळी किती तासांची, पोरी कुठे राहणार. हे प्रश्न विचारले असते तर लगेच 'विकासविरोधी' शिक्का बसला असता. शब्द फक्त बदललेत, १८८१ साली 'विलायती डाव' म्हणत होते.

शेजारच्या राज्यांत काय घडलं ते सगळ्यांनी पाहिलंय. १२ डिसेंबर २०२० ला कोलार जिल्ह्यातल्या नरसापूरच्या विस्ट्रॉन कारखान्यात पगार नीट मिळाला नाही म्हणून कामगारांचा उद्रेक झाला. त्यात बहुसंख्य ठेक्यावरचे. डिसेंबर २०२१ मध्ये श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनच्या कामगार पोरींना वसतिगृहातल्या जेवणातून विषबाधा झाली आणि त्यांनी चेन्नई-बंगळूर महामार्ग अडवला. दोन्ही वेळा ॲपलने पुरवठादाराला 'देखरेखीखाली' ठेवलं. जून २०२४ मध्ये रॉयटर्सने उघड केलं की त्याच श्रीपेरुंबुदूरला विवाहित स्त्रियांना जुळणीच्या कामावर घेणं टाळलं जात होतं. कारणं सांगितली गेली घरच्या जबाबदाऱ्यांची, अंगावरच्या दागिन्यांची. आम्हाला वाचताना धोट्याची आणि थुंकीची आठवण झाली. कारण तसंच, अलिखित. माणूस दारातच अडवायचा आणि अडवणारा भरती करणारा मधला माणूस. तेव्हाचा जॉबर, आताचा ठेकेदार.

या अमेरिकन कंपन्यांच्या आचारसंहिता असतात. ॲपलची आहे, पुरवठादाराकडे आठवड्याला ६० तासांची कमाल मर्यादा घालणारी. म्हणजे आपल्या १९२२ च्या कायद्याइतकी! याच कंपनीने २०२० च्या सुमारास स्वतःच्या नोकरदारांसाठी भेदभावाच्या नियमांत 'जात' हा शब्द घातला. तो आपल्या लोकांच्या तिकडच्या लढ्यामुळे आला, त्याचा आनंद आहे. पण कॅलिफोर्नियातल्या इंजिनिअरला मिळालेलं ते संरक्षण ठेकेदाराच्या ट्रेनीपर्यंत कसं पोचणार? तपासणीला येणारे गोरे साहेब यंत्रं बघतात, संडास मोजतात, हजेरीपट बघतात. भरतीच्या दारात कोणाला परत पाठवलं आणि कोणाला कोणत्या खात्यात ढकललं, हे हजेरीपटात येत नाही. ते आपल्यालाच गोळा करावं लागेल.

म्हणून त्या दिवाळीनंतर आम्ही एक वही घातली आहे. विहारात येणाऱ्या प्रत्येक कामगार पोराची माहिती त्यात लिहून घेतो: ठेकेदार कोण, हुद्दा काय, पाळी किती, पीएफ कापतात का आणि भरतात का, कोणत्या खात्यात आपली माणसं जास्त, कोणत्या खात्यात एकही नाही. आतापर्यंत एकतीस नोंदी झाल्या. त्यातल्या बावीसजणांचा हुद्दा 'ट्रेनी' आहे. वही घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायचं ठरलंय, त्याआधी शंभर नोंदी व्हाव्यात असा प्रयत्न आहे. सातारा, कराड, इस्लामपूरच्या मित्रांनी आपापल्या विहारात अशी वही घालावी. नमुना हवा असेल तर पाठवू.

नोंदी सावकाश होतात, कारण आमची बैठक रविवारी असते आणि बहुतेक पोरांची सुट्टी आता रविवारी नसते.