बर्गर, ब्राझिली भरगच्च (बीड जिल्ह्यातील घरगुती कृती)

गोल पाव मधोमध चिरून त्याच्या दोन अर्धांमध्ये खिम्याची चापट वडी, चीज, तळलेले अंडे, हॅम अथवा बेकन, मक्याचे दाणे, मटार, टोमॅटो, सॅलडची पाने, बटाट्याच्या कुरकुरीत सळ्या आणि मेयोनेज एवढे जिन्नस एकावर एक रचून केलेला, ब्राझील देशात रस्त्याकडेच्या उपाहारगृहांतून व हातगाड्यांवरून मुख्यतः रात्री विकला जाणारा खाद्यप्रकार. चीजसह सर्व काही घातलेल्या या प्रकारास तेथे ‘शिस-तूदो’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत त्याचा पूर्ववृत्तान्त थोडक्यात देऊन, बीड जिल्ह्यात उपलब्ध असलेल्या सामग्रीतून तो घरी कसा सिद्ध करता येतो याचा तपशील दिला आहे.

हॅम्बर्गर हा मूळचा उत्तर अमेरिकेतील पदार्थ. १९४८ साली विम्बल्डनचे एकेरी अजिंक्यपद मिळविणारा अमेरिकन टेनिसपटू रॉबर्ट फाल्केनबर्ग याने १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत रिओ दि जानेरोच्या कोपाकाबाना भागात ‘बॉब्ज’ नावाचे उपाहारगृह काढले आणि ब्राझीलमध्ये या पदार्थाचा प्रसार मुख्यतः तेथून झाला. मॅकडोनल्ड्सचे पहिले दुकान त्याच भागात उघडले ते १९७९ मध्ये. या अवधीत छोट्या दुकानदारांनी परदेशी पदार्थाचा आटोपशीर घाट मोडून त्यात आपल्या फळीवरचे सर्व काही घातले. दक्षिणेकडील रिओ ग्रांदे दो सूल या राज्यात तो ताटलीएवढा रुंद करतात, तापलेल्या लोखंडी पत्र्याखाली दाबून भाजतात आणि पुष्कळदा काट्या-सुरीने खातात; कोंबडीची काळिजे घातलेला त्याचा एक प्रकार तेथे विशेष लोकप्रिय आहे.

बीडच्या वाचकास हे सारे दूरचे वाटण्याचा संभव आहे. परंतु पेद्रो आल्व्हारेस काब्राल याचा जो पोर्तुगीज तांडा २२ एप्रिल १५०० रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यास लागला, तोच त्या वर्षीच्या सप्टेंबरात कालिकतच्या बंदरात दाखल झाला, आणि १५१० मध्ये गोव्यात पोर्तुगीज अंमल बसल्यावर या सागरी मार्गाने कित्येक अमेरिकन वनस्पती आपल्याकडे येत राहिल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे अंतर बरेच कमी होते. मका, बटाटा, टोमॅटो, मिरची, भुईमूग ही सारी मूळची अमेरिका खंडातील. पावाचा प्रसारही पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांमुळेच झाला. फार काय, बालाघाटाच्या डोंगरउतारांवर मुबलक येणारे आणि २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले बीडचे सीताफळदेखील मूळचे उष्णकटिबंधीय अमेरिकेतले आहे. तात्पर्य, ज्या जिनसांनी हा बर्गर बनतो त्यांपैकी बहुतेक या जिल्ह्याच्या शेतांत व स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. नवी आहे ती केवळ त्यांची मांडणी. ऊस हा आणखी एक दुवा. हंगामात बीडहून पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या फडांवर जोडीने जाणारा मजूर आणि ब्राझीलच्या ईशान्य भागातून साओ पावलोच्या उसाच्या मळ्यांवर जाणारा मजूर, या दोघांनीही सकाळी बांधून नेलेले अन्न दुपारी फडातच थंड खाल्ले आहे, आणि अन्नाच्या इतिहासात राजवाड्यांच्या मेजवान्यांइतकेच स्थान त्या शिदोरीलाही मिळावयास हवे.

मांसाविषयी प्रथम सांगितले पाहिजे. ब्राझीलमध्ये वडी गोमांसाची करतात. महाराष्ट्रात १९७६ च्या अधिनियमाने गाईच्या आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळू यांच्याही कत्तलीस मनाई असल्यामुळे येथे बोकडाचा खिमा हाच योग्य पर्याय होय. चार बर्गरांस अर्धा किलो खिमा पुरतो. तो खांद्याच्या व छातीच्या मांसाचा असावा आणि त्यात सुमारे पंचमांश चरबी राहू द्यावी, असे खाटकास आधीच सांगावे. कारण निव्वळ लाल मांसाची वडी तव्यावर कोरडी पडते. निजामी राजवटीत बीड आणि त्या काळचे मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, या कसब्यांत खिमा-कबाबांची जी परंपरा रुजली तिच्या जाणकारांस डाळ, कांदा व मसाला घालून खिमा मळण्याचा मोह होईल. तो येथे आवरावा. मीठही आधी मिसळू नये. मिठाने मांसातील प्रथिने विरघळून चिकट होतात आणि वडी भुसभुशीत न राहता रबरासारखी घट्ट बनते. म्हणून वड्या हलक्या हाताने थापून, पावाहून बोटभर रुंद ठेवून, मध्यभागी किंचित खळगा करून, तव्यावर टाकण्याच्या क्षणी वरून मीठ-मिरी भुरभुरावी. भाकरीचा जाड लोखंडी तवा यास उत्तम. तो धुरावेपर्यंत तापवून एक बाजू खरपूस तांबूस झाल्यावर वडी एकदाच उलटावी, लगेच वर चीजची चकती ठेवून झाकण घालावे आणि आतील गुलाबी रंग पूर्ण जाऊ द्यावा. खिमा अर्धा कच्चा ठेवणे धोक्याचे असते. हॅम व बेकन यांचा धुरकट स्वाद हवा असल्यास, निखाऱ्यावर तुपाचा थेंब सोडून शिजलेल्या वड्यांना धुंगार द्यावा.

पाव बेकरीतून आणावयाचा तर लादीपाव लहान पडतो. गोड नसलेला मोठा बन मागावा. घरी करावयाचा झाल्यास ३०० ग्रॅम मैदा, ५ ग्रॅम कोरडे यीस्ट, २० ग्रॅम साखर, ६ ग्रॅम मीठ, ३० ग्रॅम लोणी व सुमारे १९० मिलिलिटर कोमट दूध एवढ्यात सहा बन होतात.

बटाट्याच्या सळ्यांच्या बाबतीत मात्र बीडच्या गृहिणीस ब्राझीलकडून शिकण्यासारखे काहीच नाही. तेथे कच्चा बटाटा काडीसारखा बारीक चिरून तळतात, आणि तो बर्गरावर, हॉट डॉगवर, रश्शावर मूठ-मूठ घालतात. आपल्याकडे चैत्र-वैशाखात, कुरडया-सांडग्यांच्या वाळवणाबरोबरच, अर्धवट उकडलेल्या बटाट्यांचा कीस धाब्यावर वा अंगणात स्वच्छ कापडावर पसरून मराठवाड्याच्या कडक उन्हात खडखडीत वाळवतात आणि वर्षभराच्या उपवासांसाठी डब्यात भरून ठेवतात. हा कीस तापलेल्या शेंगदाण्याच्या तेलात टाकताच क्षणात फुलतो. लगेच काढला तर पांढरा, हलका व कमालीचा कुरकुरीत राहतो, आणि माझ्या मते ब्राझिली सळीपेक्षा तो या कामी सरस ठरतो, कारण तिखट-आंबट सॉसशेजारी त्याची साधी चव अधिक खुलते. डबा उपवासाचा असल्याने मांसाहाराच्या दिवशी त्यास हात लावू नये; लागेल तेवढा कीस आदल्या दिवशीच वेगळा काढून ठेवावा.

मेयोनेज कच्च्या अंड्याचे असते, आणि पारा चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या जिल्ह्यात असा पदार्थ घरी घोटून ठेवणे प्रकृतीस अपायकारक ठरू शकते. त्याऐवजी वाटीभर ताजा चक्का, दोन चमचे तेल, लसणाच्या चार पाकळ्या, मूठभर कोथिंबीर, लिंबाचा रस व मीठ एकत्र वाटावे. ब्राझीलमध्ये हिरवे मेयोनेज म्हणून जे देतात त्याच्या जवळपासची चव येते. हा सॉस त्याच दिवशी संपवावा. कांदा, टोमॅटो व ढोबळी मिरची बारीक चिरून सिरक्यात मुरवलेली ब्राझिली कोशिंबीर सोबत असावी. ठेचा घालण्यास हरकत नाही, पण तो चमच्याच्या टोकावर मावेल इतकाच. अधिक झाल्यास मक्याचा गोडवा हरवतो.

रचनेचा क्रम असा: बनाचे दोन्ही अर्ध लोण्यावर शेकून खालच्यास हिरवा सॉस लावावा, त्यावर चीजसह वडी, मग पिवळा बलक नुकताच घट्ट झालेले अंडे, उकडलेले मक्याचे दाणे व मटार ठेवून वरचा अर्ध झाकावा आणि तव्यावर जड पातेल्याने मिनिटभर दाबावे. दाण्यांत आधीच चमचाभर सॉस कालवल्यास ते सांडत नाहीत. दाबून झाल्यावरच पाव उघडून सॅलडची पाने, निथळलेली कोशिंबीर आणि शेवटी कीस घालावा. आधी घातल्यास पाने कोमेजतात व कीस मऊ पडतो.

जिल्ह्यातील माळकरी कुटुंबांस मांस व अंडी वर्ज्य. त्यांच्यासाठी चवळीची वडी करावी, आणि ती केवळ तडजोड मानू नये. कारण ब्राझीलच्या बाहिया राज्यात, पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी नेलेला ‘आकाराजे’ हा चवळीचा वडा आजही रस्तोरस्ती तळून, मधोमध चिरून व आत नाना पदार्थ भरून विकला जातो. चवळी रात्रभर भिजवून, चोळून साले काढून, पाण्याशिवाय कांद्याबरोबर वाटावी, हाताने फेटून हलकी करावी, मीठ घालून जाडसर थापावी आणि तेलात मंद आचेवर तळावी. अंड्याच्या जागी पनीरची जाड चकती तव्यावर दोन्ही बाजूंनी परतून ठेवावी. चीज शाकाहारी असल्याची खूण वेष्टनावर पाहून घ्यावी. बाकी क्रम पूर्वीप्रमाणेच; मात्र ही वडी नाजूक असल्याने पातेल्याने दाबू नये.